पूर्वग्रह आणि समान दर्जाचा प्रश्न

पूर्वग्रह ही बुद्धीची चूक मानायची की समाजातील एका स्थानाचे रक्षण, हा प्रश्न वरवर मानसशास्त्रीय वाटला तरी मुळात नैतिक आहे. चूक असेल तर योग्य माहिती आणि परस्परपरिचय यांनी ती दुरुस्त होऊ शकेल. स्थानाचे रक्षण असेल तर परिचयाने फारसे साधणार नाही. कारण ज्याला आपले स्थान सोडायचे नाही, त्याला माहिती कमी पडलेली नसते.

सामाजिक मानसशास्त्राने याचे एक आशादायी उत्तर दिले आहे. मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह येथील शिबिरात, सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट पाडले. स्पर्धा सुरू होताच शिवीगाळ, झेंडे जाळणे, एकमेकांच्या निवासांवर धाडी असे वैर उभे राहिले. नुसते एकत्र जेवायला बसवून ते शमले नाही. पुढे शिबिराचे पाणी बंद पडले आणि ते सुरू करण्यासाठी दोन्ही गटांना एकत्र यावे लागले. अशा प्रसंगांच्या मालिकेतून ते निवळत गेले. समान गरज गटांना जोडते, असा बोध यातून काढला जातो.

परंतु २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावरही तहान समानच होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ साली तळे खुले केले होते. तरीही डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथे पाणी प्यायल्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला. न्यायालयाचा अंतिम निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

हा फरक कशामुळे पडला? शेरीफ यांची मुले मुद्दाम एकसारखी निवडलेली होती; त्यांचे गट संशोधकाने पाडले आणि शिबिराबरोबर ते संपले. महाडमधील गट शतकानुशतके धर्माज्ञेच्या आधाराने घडले होते. हेन्री ताजफेल यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत क्षुल्लक निकषावर विभागलेल्या शाळकरी मुलांनीही, आपल्या गटाचा लाभ थोडा घटला तरी चालेल पण दुसऱ्या गटापासूनचे अंतर वाढावे, असे वाटप अनेकदा पसंत केले. कोणी ओंजळभर पाणी घेतल्याने चवदार तळे आटणार नव्हते; धोक्यात आले होते ते अंतर. मात्र ताजफेल यांचे दोन गट एकाच पातळीवर उभे होते. आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिच्यात जवळजवळ प्रत्येक पायरीच्या खाली आणखी कोणीतरी असतो, म्हणून दबलेल्यालाही राखण्यासारखे काही उरते.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी काही अटी सांगितल्या. त्यांत समान दर्जा ही अट आहे, आणि संपर्काचे गुणगान करताना नेमकी तीच विसरली जाते. आपल्या गावगाड्यात संपर्क कधीच कमी नव्हता. गावकुसाबाहेरचा माणूस रोज गावात येत होता. त्याने कोठे थांबायचे आणि किती दुरून बोलायचे, हे आधीच ठरलेले असे. त्या संपर्कातून विषमतेचा रोजचा सरावच होत होता.

म्हणून 'आपण' आणि 'ते' अशी विभागणी करण्याची प्रवृत्ती स्वाभाविक मानली, तरी तिने जबाबदारी टळत नाही. रेषा ओढणे स्वाभाविक असेल. ती कोठे ओढायची आणि तिच्या कोणत्या बाजूला पाणी ठेवायचे, हा माणसांनी केलेला निर्णय असतो. समान दर्जा ही सलोख्याची पूर्वअट आहे. सलोखा झाल्यावर मिळणारे ते बक्षीस नव्हे. तो मागणारा मात्र शांतता मोडणारा ठरवला जातो.

दलित आत्मकथनांच्या वाचनाने हळहळणाऱ्या वाचकाविषयीही समीक्षेने हाच प्रश्न विचारला पाहिजे. ही हळहळ खरी असू शकते. पण लेखकाकडे आपण कोणत्या पायरीवरून पाहत आहोत, याचे भान वाचकाला आले नाही, तर त्याचे वाचन हाही त्या जुन्या संपर्काचाच एक प्रकार ठरेल.