मागे बसलेला माणूस

डीप पर्पलच्या चाहत्यांत जुना वाद आहे : खरा बँड कोणता? १९६८ साली निघालेल्या या बँडमधली माणसं इतक्या वेळा बदलली, की संचांना 'मार्क वन', 'मार्क टू' असे क्रमांकच पडले. बहुतेकांचा कौल मार्क टूला. इयन गिलानचा गळा, रिची ब्लॅकमोरची गिटार आणि १९७२चा 'मशीन हेड' हा आल्बम. पुढच्याच वर्षी गिलान गेला, डेव्हिड कव्हरडेल आला, आणि १९७४च्या 'बर्न'वर नाकं मुरडणारे अजून भेटतात.

मला हा वाद चुकीच्या टोकाने सुरू झालेला वाटतो. आपण पुढे उभा असलेला माणूस बघतो. बँड धरून ठेवणारा मागे बसलेला असतो.

डीप पर्पलच्या प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, डावखुरा ड्रमर इयन पेस. 'बर्न' लावा आणि गाणाऱ्याला थोडा वेळ विसरा. ओळी संपायची वाटही न बघता पेस त्यांच्या पोटात शिरून वाजवतो. 'मशीन हेड'मधला उतावळेपणा तोच आहे, गळा तेवढा वेगळा. गायक सूर आणतो खरा, पण शब्द कुठे पडायचा आणि गिटारने किती ताणायचं, हे ठेका ठरवतो. ठेका किंचित मागे रेलला की तेच गाणं जड होतं, पुढे सरकला की पळायला लागतं.

आमच्या हैदराबादच्या अंबरपेठेत आषाढात महांकालीच्या बोनालू उत्सवात तीनमारचा ठेका वाजतो. वाजवणारे दरवर्षी तेच असतील असं नाही; पण दोन गल्ल्यांपलीकडून आवाज आला, की पाय ओळखतात. कोण वाजवतंय, हे कुणी विचारत नाही.

एसी/डीसीचंच घ्या. फेब्रुवारी १९८०मध्ये बॉन स्कॉट वारला आणि त्याच जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' आला. गायक गेला तरी बँड डगमगला नाही, कारण ऱ्हिदम गिटारवर माल्कम यंग होता. २०१४मध्ये तो आजारपणाने थांबला, तेव्हा त्या जागी पुतण्या स्टीव्ही आला. जागा घरातच राहिली! उलट, सप्टेंबर १९८०मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला आणि लेड झेपेलिनने तीन महिन्यांत बँड मिटवला. गायक आणि गिटारवादक दोघेही हयात होते. फ्लीटवूड मॅकचं तर नावच ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांच्यावरून पडलं. ते देणारा गिटारवादक पीटर ग्रीन १९७०मध्ये निघून गेला.

अपवाद आहेत. ब्लॅक सॅबथ टोनी आयोमीच्या गिटारवर टिकला; पण त्याचे रिफ म्हणजे अर्धा ठेकाच. आपल्या मुंबईचा इंडस क्रीड (१९९३पर्यंतचा रॉक मशीन) मात्र माझ्या म्हणण्याला वरवर पाहता अडसर वाटतो. १९९७मध्ये फुटलेला हा बँड २०१०मध्ये पुन्हा जुळला, तेव्हा पुढे गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर तेच होते; बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी, दोघेही नवे. २०१२चा 'इव्हॉल्व्ह' ऐकला, की नाव जुनं आणि चाल नवी हे लगेच कळतं. आल्बम चांगला आहे, पण तो दुसऱ्याच बँडचा आहे, असं मी म्हणेन.

म्हणून लाडक्या बँडचा संच बदलल्याची बातमी आली, तर आधी ड्रमर आणि बेसवाला कोण ते बघा. गायकाचं नंतर.