भोग, ऊन आणि तळपायावरचा डाग

सातारा-सांगलीकडे कॅन्सर झाला की ‘भोग आहेत’ असे आजही सहज म्हटले जाते. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरचा युरोपातला प्रवास पाहिला, तर ही समजूत टिकत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये तो कित्येक पटींनी वाढला, कारण गोऱ्या कातडीची माणसे सुट्टीत दक्षिणेच्या प्रखर उन्हात अंग शेकू लागली. काही वाढ तपासण्या वाढल्यामुळेही दिसली, हे मान्य. पुढे 2011 पासून नवी औषधे आली आणि अनेक देशांत मृत्यूंचे प्रमाण उतरले. पूर्वजन्मीचे संचित एका पिढीच्या राहणीबरोबर वाढते आणि औषधाबरोबर घटते, असे मानायला कोणताच आधार नाही.

आक्षेप येईल की कारण कळले तरी ‘मलाच का?’ हा प्रश्न उरतो, आणि कर्मसिद्धान्त त्यावर निदान धीर तरी देतो. प्रश्न उरतो, हे खरे. आपल्याकडे हा आजार विरळ. होतो तो बहुधा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे उन्हाचाही दोष नसतो. पेशींतल्या आकस्मिक बदलाला नैतिक अर्थ चिकटवणे मला अन्यायाचे वाटते. कुष्ठरोगाबाबत हेच घडले: त्याचा जंतू हॅन्सेन या डॉक्टराने 1873 मध्ये दाखवला, 1894 मध्ये मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तरी रोग्याच्या माथी पाप मारणे थांबले नाही. अपराधी ठरलेला माणूस दुखणे लपवतो. तळपायावरचा वाढता काळा डाग असा झाकला गेला, तर तो खोलवर उतरल्यावरच डॉक्टरांना दिसतो.