उन्हाळा आणि तितिक्षा : देह तापवावा की राखावा?



चैत्र-वैशाखात गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात, चैत्र शुद्ध एकादशीला पंढरीची वारी असते, आणि नेमके याच दिवसांत ऊन माणसाच्या जिवावर उठते. अशा वेळी कीर्तन आटोपल्यावर भेटीस आलेली मंडळी आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात. ‘महाराज, उन्हाला भिऊन सावली धरायची, डोक्याला ओले फडके गुंडाळायचे, एकादशीला घोटघोट पाणी प्यायचे, हे देहाचे लाड नव्हेत काय? देह नाशिवंत आहे असे तुम्हीच सांगता. मग त्याची एवढी राखण कशासाठी?’

प्रश्न विचारणारे बहुधा वयस्कर आणि नेमाचे पक्के असतात. त्यांची निष्ठा खरी असते, म्हणूनच उत्तर देताना हसण्यावारी नेता येत नाही. चुकीच्या उत्तराने यात माणूस दगावतो.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनास सांगतात की, शीत आणि उष्ण यांचे स्पर्श येतात आणि जातात, ते सोसावेत. वेदान्तात साधकाच्या षट्संपत्तीत तितिक्षा गणली आहे, आणि ‘विवेकचूडामणी’त तिचे लक्षण असे केले आहे की, दुःखाचा प्रतिकार न करता, चिंता व विलाप न करता, ते सहन करणे. पुराणांत तपस्वी चहूकडे अग्नी पेटवून, माथ्यावर सूर्य घेऊन बसतात. मग आमच्या म्हातारबुवांनी टळटळीत दुपारी अनवाणी चालून पाणी वर्ज्य केले, तर त्यांना कोणत्या तोंडाने अडवायचे?

आता उत्तरपक्ष पाहा. ज्या अर्जुनाला ‘सोस’ म्हणून सांगितले, तो कर्तव्य टाकून रथात बसला होता. कर्तव्याच्या वाटेत जे दुःख आडवे येईल ते सोस, असा त्या उपदेशाचा रोख आहे. दुःख शोधून अंगावर घे, असे भगवंत म्हणाले नाहीत. उलट सहाव्या अध्यायात, अति खाणाऱ्याला योग नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असे ते बजावतात. सतराव्या अध्यायात तर त्याहून कडक बोलतात. शास्त्राने न सांगितलेले घोर तप जे दंभाने आणि अहंकाराने करतात, ते शरीरातील भूतांना आणि आत वसणाऱ्या मलाही कष्टवितात. त्यांचा निश्चय आसुरी जाणावा, असा त्यांचा अभिप्राय आहे. हे वाचल्यावर ‘माझा देह, मी वाटेल तसा तापवीन’ म्हणण्याला जागा उरते काय हो?

पंचाग्नीचे म्हणाल, तर कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील पाचवा सर्ग आठवा. पार्वती भर ग्रीष्मात चार अग्नींमध्ये बसून सूर्याकडे दृष्टी लावते. तिच्याकडे बटूच्या वेषात शंकर येतात, आणि विचारतात, ‘बाई, आपली शक्ती पाहून तप करतेस ना?’ कारण धर्म साधण्याचे पहिले साधन शरीरच आहे, असे ते तिला सांगतात. ज्याच्यासाठी तप चालले होते, त्यानेच येऊन ही चौकशी करावी, यात मोठा अर्थ आहे.

म्हणून तितिक्षेची एक साधी कसोटी आम्ही सांगत असतो. हे ऊन सोसले नाही तर कोणते कर्तव्य सुटते? दूरच्या विहिरीवरून घरी पाणी आणणारी माउली, दावणीच्या जनावराला चारा घालणारा शेतकरी, एस. टी. चालविणारा चालक, यांना ऊन चुकत नाही. त्यांनी ते कुरकुर न करता सोसले, ही खरी तितिक्षा. पण पहाटे चारला निघून जी मजल नऊ वाजता संपते, तीच मजल आळसाने वा ईर्ष्येने दुपारी बारा वाजता चालणे, याला तितिक्षा म्हणता येणार नाही. पहाटे निघाले म्हणून पंढरपूर काही मागे सरकत नाही!

पण आमचा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे, आणि त्यासाठी ऊन देहाला काय करते हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या देहाची आतली उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते. बाहेर कितीही तापो, आत ती तेवढीच राहावी म्हणून देह घाम गाळतो. माठ पाझरतो, पाझर वाळतो, आणि आतले पाणी गार होते, तसेच हे आहे. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. कोकणातल्या दमट हवेत माठाचे पाणी देशावरच्यासारखे गार होत नाही, आणि तिथल्या माणसाच्या अंगावरचा घामही वाळत नाही, तो नुसता निथळतो. म्हणूनच हवामान खाते मैदानी मुलखात ४० अंशांपासून, पण किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करते. २०२३ च्या १६ एप्रिलला नवी मुंबईतील खारघर येथे एका मोठ्या सोहळ्याला लाखो भाविक मोकळ्या मैदानावर उन्हात बसले होते. त्यांतील चौदा जण उष्माघाताने गेले. ती मंडळी श्रद्धेने आली होती आणि श्रद्धेनेच बसून राहिली होती. उन्हाने त्यांची श्रद्धा पाहिली नाही.

घामावाटे पाणी आणि मीठ जाते. आधी थकवा येतो, पोटऱ्यांत वांब येतात, डोके दुखते, मळमळते, घेरी येते. इथवर माणूस सावध असतो. देहाची उष्णता ४० अंशांच्या घरात गेली की मात्र मेंदूच बिघडतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, वाट चुकतो, मग बेशुद्ध पडतो. यालाच उष्माघात म्हणतात.

सज्जनहो, येथे विचार करा. कठोपनिषदात देहाला रथ आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. भुकेत, वाटेच्या शिणात सारथी बराच वेळ लगाम धरून बसतो. ‘आता पुरे’ असे तो सांगू शकतो. उष्माघातात सारथीच रथावरून खाली पडतो. तितिक्षा करायची ती विवेकाच्या बळावर, आणि इथे विवेकच हरपतो. मग ‘मी सोसतो आहे’ असे म्हणणारा तरी कोण उरला? ज्याला ऊन लागले, त्याला ऊन लागले हे कळत नाही. म्हणून ‘मला सोसवते, तुम्ही काळजी करू नका’ या बोलण्यावर उन्हाच्या दिवसांत विश्वास ठेवू नये.

काही वर्षांमागे चैत्री वारीच्या वाटेवर एका दिंडीत आम्ही हे पाहिले. सत्तरीतले एक बुवा दशमीपासूनच पाणी मोजून पीत होते. एकादशीला दुपारी त्यांच्या तोंडी अभंगाचे चरण उलटसुलट येऊ लागले, पावले अडखळू लागली, पाणी पुढे केले तर ते अंगावर धावून आले. मंडळी म्हणाली, ‘बुवांना रंग चढला, त्यांना छेडू नका.’ मृदंग वाजविणाऱ्या पोराने मात्र त्यांच्या मानेला हात लावून पाहिला. अंग तव्यासारखे तापलेले. त्याने मृदंग खाली ठेवला, बुवांना निंबाखाली निजविले, हंड्यातले पाणी अंगावर ओतले, चौघांना उपरण्यांनी वारा घालायला लावले आणि गाडी बोलावून दवाखान्यात पोचविले. बुवा वाचले. भावावस्था आणि भ्रम यांतला भेद दुरून दिसत नाही, अंगाला हात लावल्यावर कळतो.

वारकऱ्याची वाट एकट्याची नाही. दिंडी असते, विणेकरी असतो, चोपदार असतो, मागे-पुढे टाळकरी असतात. आजवर आपण समजलो की ही संगत नामासाठी आहे. ती त्यासाठी आहेच. पण माझी बुद्धी ढळली तर माझ्याऐवजी विवेक करणारा कोणी जवळ असावा, हेही संगतीचे फळ आहे. उन्हात माझा देह माझ्या ताब्यात असतो त्याहून अधिक माझ्या सोबत्याच्या ताब्यात असतो. म्हणून सोबत्याने ‘बुवा, बसा’ म्हटले की बसावे. तेथे हट्ट केला तर तो मानाचा हट्ट होतो, व्रताचा राहत नाही.

आता व्रताचे पाहू. कित्येकांना भय वाटते की पाणी प्यालो तर एकादशी मोडेल. स्मृतिकारांनी व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत : पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. या आठांत पाण्याचा मान पहिला! ज्येष्ठातील निर्जला एकादशी वेगळी. पण तिथेही मौज पाहा, ज्या दिवशी स्वतः पाणी सोडायचे, त्याच दिवशी दुसऱ्याला पाण्याचा घट दान द्यायला सांगितले आहे. पाण्याची किंमत कळावी आणि ती दुसऱ्याच्या तहानेवरून कळावी, एवढा त्यातला भाव आहे. म्हाताऱ्यांना, गरोदर स्त्रियांना, रक्तदाबाची वा मूत्रपिंडाची औषधे घेणाऱ्यांना त्या दिवशीही कोरडे राहणे धोक्याचे. त्यांनी वैद्याला विचारावे आणि त्याचा शब्द मानावा. औषधही त्या आठांत आहेच.

आणि प्रत्यक्ष पांडुरंगाकडे पाहा ना! गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत पंढरीत देवाला चंदनाची उटी लावतात. विटेवरच्या मूर्तीला ऊन बाधेल या कळवळ्याने चंदन उगाळणारे हात, शेजारच्या माणसाला सावलीत घ्यायला मागे राहिले, तर ती उटी देवाला पोचली असे आम्ही कसे म्हणावे? नाथ महाराजांची कथा आपण सगळे सांगतो. भर दुपारी गोदावरीच्या तापल्या वाळवंटात एक मूल रडत होते. त्या काळी ज्या घरची सावलीही लोक टाळीत, अशा घरचे ते मूल. नाथांनी ते कडेवर घेतले, डोळे पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोचविले. रामेश्वराला न्यायचे गंगोदक त्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथाही परंपरेने जपली आहे. या दोन्ही कथा उन्हाच्या आहेत. त्या कीर्तनात सांगून टाळ्या घेणे सोपे. पण आपण वारीला निघालो आणि आपल्या शेतात मजूर बाया दुपारी दोनला खुरपत राहिल्या, तर नाथांची कथा आपण ऐकलीच नाही. स्वतःसाठी सोसणे हे कदाचित तप होईल. दुसऱ्याला सोसायला लावणे हे कोणत्याही शास्त्रात तप नाही.

तेव्हा ज्यांच्या हाती व्यवस्था आहे त्यांनी एवढे करावे. दिंडीची मजल पहाटेची आणि सायंकाळची ठेवावी. दुपारी बारा ते तीन सावलीत मुक्काम. सप्ताहात काल्याचे कीर्तन सकाळी लवकर उभे करावे, आणि आम्ही कीर्तनकारांनीही श्रोता तापतो आहे असे दिसताच निरूपण आवरते घ्यावे. पत्र्याखाली चुलाणापाशी उभ्या आचाऱ्याला आळीपाळीने सुट्टी द्यावी. त्याला ऊन आणि आग दोन्ही आहेत. उन्हाची सवय व्हायला देहाला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून घरात बसून असलेल्याने पहिल्याच दिवशी लांबची मजल मारू नये. खिशात कांदा ठेवून ऊन टळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, कारण म्हातारपणी तहान मंदावते. ताक, पन्हे, लिंबाचे सरबत उत्तम. फार घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट द्यावे. वाग्भटानेही ग्रीष्मात गोड, हलके, गार आणि पातळ अन्न सांगितले, ऊन व व्यायाम वर्ज्य केला, आणि एरवी निषिद्ध असलेली दिवसाची झोप याच ऋतूत मोकळी केली.

कोणी बरळू लागला वा पडला, तर भजन थांबवावे. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी घालून वारा घालावा, मान, काखा व जांघा यांवर ओली फडकी ठेवावीत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. अभंग पाच मिनिटे थांबला तर विठोबा रागावत नाही.

देह नाशिवंत आहे, यात संशय नाही. पण तो आपल्या मालकीचा नाही, देवाने नाम घेण्यासाठी दिलेली ती ठेव आहे. ठेवीवर लोभ करू नये, तशी ती उन्हात टाकूनही देऊ नये. आणि आपली ठेव जशी आपण राखायची, तशीच वाटेत शेजारी चालणाऱ्याचीही राखायची. या चैत्रात दिंडीत चालताना जो बुवा गप्प झाला असेल, त्याच्याकडे एकदा वळून पाहा, त्याचे नाव विचारा, आणि तांब्या त्याच्या हाती द्या.

रामकृष्णहरी.