दुसऱ्याच्या तोंडून

फाल्गुनी पौर्णिमेला सगळीकडे होळी पेटते ती लाकडांची नि गोवऱ्यांची. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर पेटते ती नारळांची. अंगावरून उतरलेले नारळ, लिंबे, जुने कपडे तीत टाकले, की मागे लागलेली पीडा जळून जाते अशी श्रद्धा आहे. दर्गा मुसलमान अवलियाचा, सण हिंदूंचा आणि येणारे सगळ्या जातिधर्मांचे. वऱ्हाडात याचे कोणाला नवल वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे.

मला होळीपेक्षा तिथली ‘हाजरी’ अधिक विचारात पाडते. एखादी बाई घुमू लागते, तिचे केस सुटतात आणि तिच्या तोंडून कोणी तिसराच बोलू लागतो. भोवतालची माणसे त्याला विचारतात, ‘तू कोण? काय पाहिजे तुला?’

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीबाळींनी भरलेल्या घरात तो अगदीच परका नाही. आमच्या आळीत एका सुनेच्या अंगात येई. एरवी डोईवरचा पदर ढळू न देणारी ती, वारे आले की सासऱ्याला ‘अरे’ म्हणे. ‘या पोरीला माहेरी का धाडत नाहीस?’ असे खडसावून विचारी. ज्याच्यासमोर थोरला मुलगाही बसत नसे असा तो म्हातारा हात जोडून म्हणे, ‘धाडतो, माउली.’ आणि खरोखरच धाडी. ढोंग म्हणावे, तर मागाहून तिला काही आठवत नसे. परकी शक्ती म्हणावी, तर त्या शक्तीला हिच्या माहेराची एवढी ओढ कशाला असावी? पुढे ती स्वतः सासू झाली आणि वारे यायचे थांबले.

सातासमुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये उंबांडा नावाचा पंथ आहे. १९०८ साली झेलिओ दे मोराइस या तरुणाच्या अंगात आत्मा आला आणि तिथून पंथाचा आरंभ झाला, असे त्याचे अनुयायी मानतात. त्या देशातली गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपली होती. उंबांडात माध्यमाच्या अंगात जे येतात त्यांत मळ्यांवर राबून मेलेले म्हातारे काळे गुलाम असतात, रानातले मूळ रहिवासी असतात. जिवंतपणी ज्यांना कोणी विचारले नाही, ते बुटक्या स्टुलावर बसून, पाइप ओढीत, काम सुटलेल्याला नि घर मोडलेल्याला सल्ला देतात. आलेल्याला तिथे हाकलत नाहीत. त्याच्यापुढे रांग लावतात.

आपल्याकडेही देवी आली तर आपण ओटी भरतोच की! भूत आले तर मात्र झाडतो. आलेली देवी की भूत, हे ठरवते कोण? ज्या बाईच्या अंगात आले ती तर नव्हेच. आणि भूत ठरले, की छडी, मिरचीची धुरी, साखळी हे सारे उपचार म्हणून खपते. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने जखडलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण गेले. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर रुग्णाला साखळी घालण्यास देशभर मनाई केली. हे कायदे मला मनापासून हवे आहेत. यात्रेला वा नवसाला ते हात लावत नाहीत, हेही मला योग्य वाटते.

पण साखळी निघाली म्हणून माहेरची वाट उघडत नाही. ‘हा आजार आहे’ असे सांगून आपण सुशिक्षित माणसे मोकळी होतो. आजार असेलही, त्यावर औषधही असेल, आणि ते द्यायलाच हवे. मात्र आजाऱ्याचे बोलणे बडबड म्हणून सोडून देता येते, देवीचे देता येत नव्हते. त्या सुनेचे तेवढे एकच शस्त्र होते. ते काढून घ्यायचे, तर तिच्या हाती दुसरे काय देणार, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत मला सापडत नाही.

म्हणून घरातले कोणी सैलानीला निघाले तर मी अडवणार नाही. गोळ्या बरोबर द्याव्यात, चुकू देऊ नयेत. कोणी हातापायांना साखळी लावू लागला तर थेट पोलिसांत जावे. आणि घुमताना ती जे बोलेल ते बरोबरच्या माणसाने नीट ऐकून ठेवावे. घरी परतल्यावर तिच्या सासूसासऱ्यांना सांगायला ते लागेल.