चाल एक, अक्षरं निराळी

अंगावरची एखादी जुनी, भरून आलेली जखम आठवा. गुडघ्यावरची असेल, बोटावरची असेल. तिच्यावर हलकेच हात ठेवा. श्वास संथ होऊ द्या. घाई नाही.

जखम झाली तेव्हा आधी रक्त गोठलं. त्या गुठळीत फायब्रिनच्या जाळ्याला चिकटून आणखी एक प्रथिन बसलं होतं, फायब्रोनेक्टिन. एरवी ते रक्तात विरघळून फिरत असतं. गुठळीत ते बसलं, की कडेच्या पेशी त्याला धरत धरत आत सरकतात आणि खाच भरू लागतात. पेशींच्या बाहेर राहून पेशींना आधार देणारं हे प्रथिन. आज मनाला त्याच्यापाशीच बसवू या.

आता नजर बारीक करा. फायब्रोनेक्टिनच्या दोन लांब साखळ्या एका टोकाशी जोडलेल्या असतात. त्यातली एकच घ्या. तिच्यात सुमारे २,४०० अमिनो आम्लं एकापुढे एक गुंफलेली आहेत. आपण त्यांना अक्षरं म्हणू. या अक्षरांवरून मनानं सावकाश चालत जा. थोडं पुढे गेलात, की जाणवेल: हे वळण मघाशीही आलं होतं. १९८३ साली गाईच्या फायब्रोनेक्टिनची अक्षरं वाचणाऱ्यांनाही हेच दिसलं. साखळीत तीन तऱ्हेचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. तिसऱ्या तऱ्हेचे तुकडे सर्वांत जास्त, १५, आणि पेशीच्या गरजेप्रमाणे आणखी दोन. प्रत्येकात साधारण ९० अक्षरं.

अशा एका तुकड्यापाशी, म्हणजे एका डोमेनपाशी, थांबा.

९० अक्षरांची ती सरळ ओळ आपोआप घडी घेते. सात छोट्या पट्ट्या तयार होतात. तीन एका बाजूला शेजारी शेजारी बसतात, चार दुसऱ्या बाजूला. दोन थर समोरासमोर येतात आणि पाण्याला टाळणारी अक्षरं दोहोंच्या मध्ये दडतात. त्या गाभ्यात ट्रिप्टोफॅन नावाचं मोठं अमिनो आम्ल असतं. तिथे जरा रेंगाळा. पेशीबाहेरच्या कित्येक प्रथिनांना घडी टिकवायला गंधकाच्या बंधांचे टाके लागतात. या डोमेनला आतून असा एकही टाका नाही. गाभ्यातली अक्षरं एकमेकांत घट्ट बसली आहेत, त्यावरच सारं उभं आहे.

आता शेजारच्या डोमेनकडे वळा. घडी तीच. पण अक्षरं लावून पाहा: कित्येकदा शंभरातली २०-३० च जुळतात. जात्यावरच्या ओव्यांत चाल एकच असते आणि शब्द दर ओवीला निराळे, तसंच हे. मग अक्षरं इतकी वेगळी असताना घडी एकच आहे, हे ओळखायचं कशावरून?

हा प्रश्न मनात धरून बसा. उत्तराकडे धावू नका.

सगळे तुकडे एकाखाली एक मांडा. शेजारच्या ओळींत इतर प्राण्यांतली त्यांची रूपंही येऊ द्या. आता ओळी वाचू नका, स्तंभ वाचा, वरून खाली. एका स्तंभात जवळजवळ सगळीकडे ट्रिप्टोफॅन आहे. ते हलत नाही, कारण ते हललं तर गाभा ढासळेल. दुसरीकडे एकाआड एक अक्षर पाण्याला टाळणारं आहे: तिथे पट्टी असणार, एक बाजू आत, एक बाहेर. आणखी सूक्ष्म खूण अशी: दूरदूरचे दोन स्तंभ कधी कधी जोडीनं बदलतात. इथलं अक्षर मोठं झालं, की तिथलं लहान होतं. साखळीत दूर असलेली ती दोन अक्षरं घडीत एकमेकांना खेटून बसली असण्याची ही खूण.

१९९० साली फर्नांडो बझान यांनी अशाच वाचनातून सांगितलं, की सायटोकाइन नावाचे निरोप पकडणाऱ्या ग्राहींमध्येही सात पट्ट्यांची अशीच डोमेन असावीत. तेव्हा त्या ग्राहींचं चित्र कुणी पाहिलेलं नव्हतं. १९९२ साली त्याच कुळातल्या, वाढीच्या संप्रेरकाच्या ग्राहीची स्फटिकरचना आली आणि अंदाज खरा ठरला. त्याच वर्षी फायब्रोनेक्टिनच्या तिसऱ्या तऱ्हेतल्या दहाव्या डोमेनची घडीही प्रत्यक्ष दिसली. पुढे २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीनं हे स्तंभवाचन माणसाच्या आवाक्यापलीकडे नेलं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांचा वाटा त्यासाठीच होता.

श्वास सोडा. आता फरकाकडे पाहा.

अक्षरांतला हा फरक नुसता पसारा नाही. २००५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की एकाच साखळीतल्या शेजारच्या डोमेनमधली जुळणी बहुधा शंभरात ४० च्या खाली असते. शेजारी फारच सारखे असतील तर एकाची पट्टी दुसऱ्याच्या घडीत शिरू शकते, मग दोघांचाही गुंता होतो आणि प्रथिनं गोळा होऊन निकामी होतात. वेगळेपणामुळे प्रत्येक डोमेन आपली घडी आपणच घालतं.

इथे थोडा वेळ थांबा, कारण या मननाचा गाभा हाच आहे. सगळे तुकडे अक्षरशः सारखे असते, तर स्तंभ मुके राहिले असते. काय बदललं तरी चालतं, काय बदललं तर चालत नाही, हे कळायला काहीतरी बदललेलं असावं लागतं. जो फरक साखळीला गुंत्यापासून वाचवतो, तोच आपल्याला घडी वाचू देतो.

शेवटी दोन डोमेनमधल्या सांध्याकडे या. दहाव्या डोमेनच्या एका वळणावर आर्जिनिन, ग्लायसिन आणि अस्पार्टिक आम्ल ही तीन अक्षरं बाहेर आलेली असतात. पेशी तिथेच धरते, हे १९८४ साली पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवलं; पेशीच्या त्या धरणाऱ्या हाताला इंटेग्रिन म्हणतात. पण पकड घट्ट व्हायला नवव्या डोमेनमधल्या एका जागेचीही मदत लागते, म्हणून या दोन शेजाऱ्यांमधला कोन महत्त्वाचा. संगणकाचं भाकीत इथे जपून बोलतं. डोमेनच्या आतल्या घडीबद्दलची खात्री वेगळी आणि दोन डोमेन एकमेकांच्या संदर्भात कशी बसली आहेत याची खात्री वेगळी, असं ते स्वतंत्रपणे नोंदवतं. सांधा लवचीक असतो, पेशी ओढते तेव्हा साखळी ताणलीही जाते, आणि एका स्थिर चित्रात ते सगळं मावत नाही.

म्हणून असं एखादं चित्र समोर आलं, की तीन गोष्टी क्रमानं पाहा: काय सारखं राहिलं, काय बदललं, आणि जोड कुठे आहे. पहिल्या दोहोंतून घडी कळते. तिसऱ्यासाठी अजूनही प्रयोगशाळेत जाऊन, प्रथिन हातात घेऊन, चिकाटीनं पाहावं लागतं. आणि जखमेत पेशी पुढे सरकते ती त्या जोडाच्याही भरवशावर.