सेवा करणाऱ्याच्या जिवाचे मोल

कर्करोगावर शिरेतून द्यावयाची औषधे ही एकेकाळी मोठ्या शहरांतील गोष्ट होती. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि पुढे कित्येक वर्षे बेळगावचा रोगी असो की इंदूरचा, पुष्कळांना मुंबईचीच वाट धरावी लागे. आता चित्र पालटत आहे. तीन वर्षांच्या आत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचारकेंद्रे काढण्याचे २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. रोग्याच्या घराजवळ उपचार येणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु औषध जेथे जाते तेथे त्याचा धोकाही जातो. तो धोका कोणी सोसावा, आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच नीतीचा आहे. म्हणून त्याचा विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

या औषधांचे मूळ पाहिले म्हणजे धोक्याचे स्वरूप कळते. पहिल्या महायुद्धात मोहरी-वायू म्हणून जे विषारी अस्त्र वापरले गेले, त्याच्याच जातीचे नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन व गिलमन यांच्या संशोधनातून प्रथम एका कर्करोग्यास देण्यात आले. आज सर्वत्र वापरात असलेले सायक्लोफॉस्फामाइड हे त्याच कुळातले. वेगाने वाढणाऱ्या पेशींना ते मारते. पण रोगट पेशी आणि निरोगी पेशी यांत ते पुरता भेद करीत नाही. जे औषध कर्करोग हटविते तेच माणसात कर्करोग उत्पन्न करू शकते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे.

रोगी हे औषध घेतो ते लाभ आणि हानी तोलून. त्याच्या पारड्यात जीव वाचण्याची आशा असते. परिचारिकेच्या पारड्यात काय असते? १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले की, ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात पेशींच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडविणाऱ्या पदार्थांच्या खुणा सापडतात. १९८५ साली त्याच देशातील परिचारिकांच्या दुसऱ्या पाहणीत या औषधांचा संपर्क आणि गर्भ गळणे यांचा संबंध दिसून आला. त्यांच्या अंगात जाणारे प्रमाण रोग्याच्या मात्रेच्या मानाने फारच थोडे असते हे खरे. परंतु अमुक प्रमाणाखाली धोका मुळीच नाही, अशी मर्यादा अद्याप कोणाला ठरविता आलेली नाही.

हे औषध अंगात जाते तरी कसे? कुपीत सुई खुपसून आत हवा भरली की दाब वाढतो, आणि सुई काढताना डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. गोळी खलात कुटली की भुकटी श्वासाबरोबर आत जाते. सांडलेला थेंब टेबलावर वाळतो आणि पुढच्या माणसाच्या हाताला लागतो. शिवाय औषध दिल्यानंतर सुमारे ४८ तास ते रोग्याच्या लघवीत, शौचात आणि ओकारीत उतरत असते. म्हणजे धोका परिचारिकेपाशीच थांबत नाही. भांडे उचलणारी बाई, फरशी पुसणारा, चादरी धुणारा, या सर्वांपर्यंत तो पोहोचतो. आणि यांतील बहुतेकांना कोणी काही सांगितलेले नसते.

दावीद राजाची एक गोष्ट शब्बाथशाळेतील मुलांना ठाऊक आहे. त्याने तहानेच्या भरात बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीच्या पाण्याची आठवण काढली, आणि तिघे शूर पलिष्ट्यांच्या छावणीतून वाट काढून ते पाणी घेऊन आले. दाविदाने ते प्यायले नाही, ओतून टाकले. कारण ते त्याला त्या माणसांच्या रक्तासारखे वाटले. रोग्याने औषध ओतून टाकावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु या गोष्टीत दोन बाबी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ते तिघे आपण होऊन गेले, आणि धोका काय आहे हे त्यांना माहीत होते. दुसरे असे की, ज्याच्यासाठी पाणी आणले त्याने आणणाऱ्यांच्या जिवाची किंमत केली. आपल्या रुग्णालयांत या दोन्ही गोष्टी घडतात काय?

सेवा म्हटली की त्याग आलाच, असे आपण सहज म्हणून जातो. मिशन रुग्णालयांच्या इतिहासात त्यागाला मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याग हा देणाऱ्याने द्यावयाचा असतो. घेणाऱ्याने तो परस्पर गृहीत धरला की तो त्याग उरत नाही, अन्याय होतो. ज्या बाईला भांड्यात काय आहे हेच सांगितलेले नाही, तिने कसला त्याग केला?

येथे एखादा व्यवहारी कारभारी म्हणेल, "औषध मिसळण्याच्या सुरक्षित कपाटाला लाखो रुपये पडतात. तेवढ्यात कितीतरी गरिबांचे उपचार होतील." हा प्रश्न पोकळ नाही. कपाट येईपर्यंत उपचार बंद ठेवा, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. परंतु या हिशेबात एक चूक आहे. वाचलेला पैसा कोठून वाचला हे त्यात लिहिलेले नसते. तो परिचारिकेच्या आणि सफाई कामगाराच्या शरीरातून आलेला असतो. रोग्यावर दया करावयाची तर ती आपल्या खिशातून करावी. न विचारता तिसऱ्याच्या अंगावर तिचा भार टाकू नये.

शिवाय पुष्कळशी सुरक्षितता पैशाने नव्हे, शिस्तीने येते. औषध वॉर्डात खाटेशेजारी न मिसळता येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, एकाच ठरलेल्या जागी, शिकलेल्या माणसानेच मिसळावे. हातात दुहेरी मोजे, अंगात पाणी न शोषणारा झगा असावा. शस्त्रक्रियेचा साधा मुखपट्टा तुषारांना आणि वाफेला अडवीत नाही, हे सर्वांना माहीत असावे. नळी आधी साध्या सलाईनने भरून मग औषध जोडावे. गोळ्या वॉर्डात कुटू नयेत. सांडले तर काय करावे हे भिंतीवर मराठीत, कानडीत, हिंदीत, जेथली जी भाषा असेल तीत लिहिलेले असावे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला मागताच दुसरे काम मिळावे, आणि त्याबद्दल तिला कमीपणा येऊ नये. कचऱ्याविषयी तर २०१६ चे सरकारी नियमच आहेत: या औषधांचा कचरा पिवळ्या पिशवीत, वेगळी खूण करून ठेवावयाचा, आणि १२०० अंशांहून अधिक उष्णतेत जाळण्यासाठी किंवा औषध बनविणाऱ्याकडे परत पाठवावयाचा.

एवढे करूनही कपाटाची गरज उरतेच, आणि ते घेताना नीट पाहून घ्यावे. काही टेबलांवर गाळलेली हवा समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते. त्याने औषध निर्जंतुक राहते, पण माणूस राखला जात नाही.

घरच्यांनी मात्र भिऊ नये. कर्करोग संसर्गजन्य नाही. रोग्याजवळ बसावे, त्याचा हात हातात घ्यावा, त्याच्यासोबत जेवावे. फक्त पहिले दोन दिवस त्याची ओकारी किंवा लघवी काढताना मोजे घालावेत, शौचकूपात दोनदा पाणी सोडावे, आणि मळलेले कपडे वेगळे धुवावेत.

नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावा, अशी आज्ञा अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. कठडा घरमालकापुरता नसतो. धाब्यावर जो कोणी चढेल त्याच्यासाठी असतो. आपल्यांपैकी कित्येक जण रुग्णालयांच्या समित्यांवर आहेत, कित्येक मंडळ्या सुगीच्या अर्पणातून रुग्णालयांना देणग्या देतात. पुढच्या वेळी रोग्यांसाठी किती खाटा, हे विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: भांडी उचलणाऱ्या बाईला मोजे मिळतात काय, आणि ते कशासाठी घालावयाचे हे तिला कोणी सांगितले आहे काय?