जपणुकीने वाढलेली भीती

अँजिओप्लास्टी करून माणूस घरी येतो आणि घराचे नियम बदलतात. ‘पिशवी मी घेते’, ‘जिना नको, लिफ्टने या’, ‘दगदग करू नका हो’. सगळं प्रेमापोटीच. पण दोन-तीन महिन्यांनी पाहावं, तर रक्तवाहिनी मोकळी झालेला, गोळ्या वेळेवर घेणारा हा माणूस कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतही एकटा जात नाही. जरा धडधडलं की जागच्या जागी थांबतो, नाडी चाचपतो. त्याच्या दुखण्याहून त्याची भीतीच त्याला जास्त जखडते, असं माझं मत आहे. आणि तिचा दोष त्याच्या स्वभावाला देणं अन्यायाचं आहे, कारण ही भीती मुळात वैद्यकाने शिकवलेली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणात ठेवत. मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण धरायला साधारण तेवढाच काळ लागतो. तोवर हालचाल केली तर हृदय फाटेल, हा त्यामागचा तर्क. अशा पडून राहण्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जाऊन अडकत आणि माणसं त्यानेही दगावत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर उठवून नुसतं खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तर तेही धाडस ठरलं. खरं तर अठराव्या शतकातच विल्यम हेबरडेन यांनी छातीत कळ येणारा एक रुग्ण रोज अर्धा तास लाकडं कापून जवळजवळ बरा झाल्याचं नोंदवलं होतं. ती नोंद कुणी मनावर घेतली नाही. आज शास्त्र पुष्कळ पुढे आलं आहे, पण घराघरांत अजून जुनाच सल्ला चालतो.

विश्रांती निरुपद्रवी असते, हा आपला मोठा गैरसमज. १९६६ मध्ये डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं गेलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता इतकी घसरली, की पुढच्या तीस वर्षांच्या वयाने झालेली घटही तिच्यापुढे कमी भरली. मग साठीतल्या हृदयरुग्णाचं काय होत असेल? स्नायू ढिले पडतात, थोड्या श्रमानेही नाडी भरभर चालते, धाप लागते. ही धाप न वापरलेल्या शरीराचीही असू शकते. रुग्णाला मात्र ती दुसऱ्या झटक्याची चाहूल वाटते. तो आणखी बसून राहतो, आणि पुढच्या वेळी धाप आणखी लवकर लागते.

‘चालत जा बरं का’ एवढ्या मोघम वाक्याने हे चक्र तुटत नाही. गोळीचा डोस लिहून देतात तसा चालण्याचाही द्यावा: किती मिनिटं, किती वेगाने, कधी वाढवायचं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, हा मध्यम वेगाचा सोपा अंदाज. सुरुवात देखरेखीखाली व्हावी. ईसीजी चालू असताना ट्रेडमिलवर आपलं हृदय श्रम पेलतंय हे रुग्णाने स्वतः पाहिलं, की जो धीर येतो तो कुणाच्या समजावण्याने येत नाही. व्यायामाची जोड असलेल्या पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. तरीही आपल्याकडे बिलात स्टेंटचा हिशेब बारकाईने असतो आणि पुनर्वसनाची ओळही सापडत नाही. बाईच्या बाबतीत तर ‘घरकाम करतेच की’ म्हणून हा विषयच निघत नाही.

प्रत्येक भीती खोटी नसते, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. विश्रांतीतही छातीत दुखणं, झडप फार अरुंद झालेली असणं, पायावरची सूज वाढत जाणं, अशा स्थितीत आधी उपचार हवेत. चालताना छाती दाटली किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावं; दुखणं ओसरत नसेल तर लगेच रुग्णालय गाठावं.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा घरच्या माणसालाही डॉक्टरांच्या खोलीत आत न्या आणि त्याच्यादेखत विचारा: मी रोज किती चालू, जिना कधी चढू, वजन किती उचलू? आणि उत्तर औषधांच्या कागदावरच लिहून मागा.